कोदाँचा धक्का आणि पलीकडच्या सोळा पायऱ्या

शुक्रवार

मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तासांत मॉरिशसला उतरवते. घड्याळ दीड तास मागे घ्यायचे. आपल्या पासपोर्टवर पर्यटनासाठी व्हिसा आधी काढून न्यावा लागत नाही. विमानतळ बेटाच्या आग्नेयेला आणि राजधानी पोर्ट लुई वायव्येला, त्यामुळे टॅक्सी अख्खे बेट तिरके कापत जाते. जुलै म्हणजे तिथला हिवाळा आणि ऊसतोडीचे दिवस. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच मोकळे झालेले फड, आणि समोर उसाने शिगोशीग भरलेला ट्रक, जो काही केल्या बाजू देत नव्हता.

मॉरिशसला जाणारी मराठी मंडळी सहसा किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात उतरतात आणि राजधानीला अर्धा दिवस देतात, तोही खरेदीसाठी. आम्ही उलटे केले, कारण सोबत बाबा होते. बाबांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत, टॅली क्लार्क म्हणून. जहाजातून पोती किती उतरली, फाटली किती, ओली किती, याचा हिशेब त्यांनी आयुष्यभर ठेवला. "वाळू आपल्याकडे काय कमी आहे? बंदर दाखव," असे त्यांनी निघण्याआधीच सांगून ठेवले होते.

संध्याकाळी चालतच निघालो. प्लास द आर्म हा शहराचा मधला चौक. पामच्या उंच रांगा, एका टोकाला गव्हर्न्मेंट हाउस, दुसऱ्या टोकाला ला बुर्दोनेचा पुतळा. हा फ्रेंच गव्हर्नर 1735 मध्ये इथे आला आणि त्याने हे बंदर उभे केले. पुतळ्याचे तोंड साहजिकच समुद्राकडे, पण त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये आता हमरस्ता धावतो. शहर एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला. माणसांनी रस्त्याखालच्या भुयारातून जायचे. 30 मार्च 2013 च्या पुरात शहरात 11 माणसे गेली, त्यांतली काही या कोदाँच्या भुयारात. दोन तासांच्या आत एवढे पाणी आले की बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. ही माहिती आम्हाला भुयाराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रखवालदाराने न विचारता दिली. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते एप्रिल गेलात आणि आभाळ फाटल्यासारखे वाटले, तर वरच थांबा.

पलीकडे बाहेर पडलो आणि समोर एकदम पाणी. हा कोदाँ वॉटरफ्रंट. इथे पूर्वी साखरेची गोदामे आणि धक्के होते. मॉरिशसची साखर पोत्यांत भरून बंदरात यायची, गोदामात थप्प्या लागायच्या, मग बार्जमधून मध्यावर नांगरलेल्या जहाजांकडे जायची. 1980 मध्ये जवळच सुट्या साखरेचे टर्मिनल सुरू झाले. साखर पट्ट्यावरून सरळ जहाजाच्या पोटात पडू लागली, आणि पोती, थप्प्या, बार्ज, माणसे हे सगळेच एका झटक्यात नको झाले. रिकाम्या पडलेल्या जागेवर 1996 मध्ये दुकाने, उपाहारगृहे, सिनेमा, कॅसिनो आणि फिरायचा फरसबंदी कट्टा उभा राहिला. काळ्या बसाल्टचे काही जुने बांधकाम त्यात ठेवले आहे. 1830 च्या दशकातल्या हवामान वेधशाळेची इमारतही त्यातच आहे.

बाबांनी कट्ट्याच्या कडेला जाऊन खाली वाकून पाहिले. जहाज बांधायचे जुने लोखंडी खुंटे शोधत होते. मग मागे वळून म्हणाले, "सुंदर आहे. पण गोदीचा वास कुठाय?"

मला मात्र जागा आवडली. जुलैत सूर्य वायव्येकडे मावळतो आणि बंदराचे तोंडही साधारण तिकडेच, त्यामुळे पावणेसहाच्या सुमारास उजेड थेट पाण्यावरून अंगावर येतो. पाठ फिरवली की डोंगरांची अर्धी कड दिसते. अंगठा वर केलेला तो ल पूस, 812 मीटर, आणि डोक्यावर धोंडा घेऊन उभा असलेला तो पीतर बोत, 820 मीटर. कार्यालये सुटली होती. टाय सैल केलेले बँकवाले, शाळेच्या गणवेशातली मुले, एका कठड्यावर ओळीने बसलेल्या पाच बायका. सगळे काहीतरी खात होते. आम्हीही सोललेले अननस घेतले. वर चिंच, मिरची आणि मीठ. ते खाऊन बाबांच्या नाकातून पाणी आले आणि त्यांनी अजून एक मागितले.

पैशांचे: मॉरिशसचा रुपया म्हणजे साधारण आपले दोन रुपये. दुकानांत कार्ड चालते, गाड्यांवर रोख लागते. सुटे ठेवा.

शनिवार

सकाळी आधी मंडई. तळमजल्यावर भाजी, आणि भाजीच्या राशी अशा रचलेल्या की एखादा टोमॅटो उचलायचीसुद्धा भीती वाटावी. आम्ही गेलो होतो खायला. दाल पुरी हे त्या देशाचे खरे राष्ट्रीय अन्न. चण्याच्या डाळीसारखी पिवळी वाटाणाडाळ शिजवून, दळून पुरीत भरलेली असते. पुरी तळलेली नसते, तव्यावर भाजलेली आणि इतकी मऊ की हातात लोंबते. दोन पुऱ्यांची जोडीच मिळते. आत पांढऱ्या पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय, हिरवी चटणी, आणि विचारून मिरची. बिहारकडच्या मजुरांबरोबर ती इथे आली आणि आता चिनी, क्रिओल म्हणजे गुलामांचे वंशज, मुसलमान, फ्रेंच आडनावाचे, सगळे रांगेत उभे राहून खातात. कागदात गुंडाळून देतात. उभ्यानेच खायची, कोपर अंगापासून लांब धरून, नाहीतर सदरा गेला.

त्यावर आलुदा प्यायलो. दूध, सब्जा, अगर-अगरचे धागे, सरबत. आपल्या फालुद्याचाच भाऊ, पण पातळ आणि फार गोड. एक ग्लास दोघांत पुरे. गरम गातो पिमाही सोडू नका. डाळ वाटून केलेले छोटे मिरचीवडे, पावात घालून लोक न्याहारीला नेतात.

दुपारी कोदाँवरच्या ब्लू पेनी संग्रहालयात गेलो. 1847 मध्ये मॉरिशसने स्वतःची टपाल तिकिटे काढली, तेव्हा ग्रेट ब्रिटनबाहेरच्या ब्रिटिश साम्राज्यात असे करणारे ते पहिल्यांपैकी होते. एका पेनीचे नारिंगी-तांबडे, दोन पेन्सचे निळे, प्रत्येकी 500 छापली. त्यातली काही गव्हर्नरची पत्नी लेडी गोम हिच्या नृत्यसमारंभाच्या निमंत्रणपत्रांवर लागली. आज मोजकीच उरली आहेत आणि जगातल्या सर्वांत महाग तिकिटांत मोडतात. एक तांबडे आणि एक निळे 1993 मध्ये मॉरिशसमधल्या बँक आणि कंपन्यांनी मिळून सुमारे 20 लाख डॉलरना लिलावात विकत घेऊन घरी आणले. उजेडाने रंग उडू नये म्हणून खऱ्या तिकिटांवरचा दिवा दर तासाला दहाच मिनिटे लावतात, बाकी वेळ प्रतिकृती बघायच्या. तिकीट काढतानाच दिव्याची वेळ विचारा आणि बाकीचे दालन त्या हिशेबाने बघा. रविवारी संग्रहालय बंद असते.

बाबा त्या तिकिटांसमोर फार थांबले नाहीत. ते वरच्या नकाशांपाशी आणि बंदराच्या जुन्या चित्रांपाशी रमले. जहाजे किती, कुठे नांगरलेली, बार्ज कुठून कुठे जाताहेत, हे त्यांनी बोटाने हवेत आखून मला समजावले.

बाहेर आलो तर सावलीत चार म्हातारे डॉमिनो खेळत होते. सोंगट्या टेबलावर आपटायचा आवाज लांबपर्यंत येत होता. बाबा शेजारी उभे राहिले, पाहत राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांनी आपल्या मुंबईच्या हिंदीत विचारले, "इधर पहले गोदी था ना?" एकाने मान वर केली. मग दहा-पंधरा मिनिटे खेळ बंद.

तो तरुणपणी याच धक्क्यावर होता. तो भोजपुरी आणि क्रिओल या फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीची सरमिसळ बोलत होता, बाबा हिंदी-मराठीची, आणि मध्ये दोघेही हातवारे करत होते. पोते पाठीवर घेताना मान कशी ठेवायची हे त्याने उठून, वाकून दाखवले. बाबांनी मुंबईत पोते उचलायला लोखंडी आकडा कसा मारायचे ते दाखवले. तो हसला आणि म्हणाला, साखरेच्या पोत्याला आकडा मारला तर सरदार, म्हणजे मुकादम, तुम्हालाच मारेल. तागाच्या आधी साखरेची पोती वाक्वाच्या पानांची विणत, आणि ते बायकांचे काम असे, ही गोष्टही त्याच्याकडूनच कळली. वाक्वा आपल्या केवड्याच्या जातीचे झाड. टर्मिनल आल्यावर काय झाले, हे विचारल्यावर त्याने हात झटकले, वाळूतून काढल्यासारखे, आणि सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या.

त्याच्या नातवाला इथल्याच एका दुकानात नोकरी आहे. आपण मात्र इथे फक्त खेळायला येतो, काही विकत घेत नाही, हेही त्याने आवर्जून सांगितले.

या जागेबद्दल माझी एक तक्रार आहे ती इथेच नोंदवते. एवढ्या लांब कट्ट्यावर साखरेच्या त्या शतकाबद्दल, वाहणाऱ्या माणसांबद्दल नजरेत भरेल असे मला फारच थोडे दिसले. छताला टांगलेल्या रंगीत छत्र्यांखाली मात्र फोटोसाठी रांग होती. आम्हीही काढला, नाही म्हणत नाही.

रविवार

रविवारी पोर्ट लुई ओस पडते. दुकानांची शटर खाली, मंडईही दुपारपर्यंत आटोपते. म्हणून मेट्रोने मधल्या पठारावरच्या क्युरपीप गावी गेलो. ही जमिनीवरून धावणारी हलकी रेल्वे भारताच्या मदतीने झाली आणि लार्सन अँड टुब्रोने बांधली. 2022 पासून ती क्युरपीपपर्यंत जाते. स्वच्छ, स्वस्त, आणि मध्यभागातल्या गावांची परसदारे बघायला खिडकीची जागा उत्तम. पोर्ट लुईत कडक ऊन होते. तीन-चार स्टेशने वर चढलो तशी खिडकीवर थेंब, आणि क्युरपीपला उतरलो तेव्हा धुके, बोचरा वारा, आडवा पाऊस. पठार साडेपाचशे मीटरवर आहे, आणि पोर्ट लुई डोंगरांच्या आडोशाला. चाळीस मिनिटांच्या अंतरात स्वेटर लागतो, हे कोणी सांगितले नव्हते. ज्वालामुखीचे विवर बघायला गेलो आणि कठड्यापलीकडे पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसले नाही. दोन कप चहा घेऊन परत खाली.

संध्याकाळी कोदाँवर पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या शहरात चिटपाखरू नव्हते आणि इथे आजीपासून बाबागाडीपर्यंत सगळे होते. एका कोपऱ्यात सेगा चालला होता. रावान हा बकऱ्याच्या कातड्याचा चपटा डफ, तो आधी जाळावर शेकून ताणतात, आणि बायका पाय जमिनीवरून न उचलता घागऱ्याचा घेर फिरवत नाचतात. गुलामांचे गाणे म्हणून सुरू झालेला हा प्रकार. आता बघणाऱ्यांत प्रत्येक वंशाचा माणूस होता आणि निम्मे जण बघता बघता नाचायला लागले होते. तिकीट नाही, दार नाही, काही विकत घेतलेच पाहिजे असेही नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर मैलोन्‌मैल गोदीच्या भिंती आहेत आणि भाऊच्या धक्क्यासारख्या एखाद्या ठिकाणी सोडले तर मुंबईकराला तिथले पाणी दिसतही नाही. त्यामुळे ही गर्दी बघून जरा हेवाच वाटला.

"तुम्ही महाराष्ट्रातून आलात काय?"

मागे एक साठीच्या बाई उभ्या होत्या, हातात नातीचा आइस्क्रीमचा कोन. मराठी स्वच्छ, प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारलेला. त्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. तिथल्या सरकारी शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. घरी मात्र क्रिओलच बोलतात. "मुले समजतात, बोलत नाहीत," म्हणाल्या. त्यांचे आडनाव म्हणजे कधीकाळी जहाजातून उतरलेल्या खापरपणजोबांचे नुसते नाव, गोऱ्या कारकुनाने कानाला लागले तसे लिहून घेतलेले. तिथल्या बऱ्याच मराठी घरांची अशीच गोष्ट.

बाबांनी विचारले, गाव कुठले? "रत्नागिरीकडचे. एवढेच ठाऊक आहे, भाऊ." आम्ही संगमेश्वरचे. मग गणपतीचा विषय निघणार हे ठरलेलेच. गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. गणपतीपुढे झाकरी नाचतात म्हणाल्या, आणि बाबांनी लगेच जाखडीचा ठेका चुटक्यांवर धरला. बाईंनी तोच ठेका पायाने धरला. पलीकडे सेगा चालूच होता. नातीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि कोन आजीच्या हातातून काढून घेतला.

जाताना बाई म्हणाल्या, "उद्या घाटावर जा. इथून पाच-दहा मिनिटे चालत. आणि पायऱ्या चढताना मोजा."

सोमवार

आप्रवासी घाट कोदाँपासून खरोखरच तेवढाच लांब. मेट्रोचे शेवटचे स्टेशनही त्याच्याच नावाचे. प्रवेश फुकट, रविवारी बंद, शनिवारी दुपारपर्यंतच. बरोबर मार्गदर्शक मिळत असेल तर घ्या, नुसत्या भिंतींवरून काही कळत नाही.

गुलामगिरी 1835 मध्ये संपणार होती आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. ब्रिटिशांनी करारावर मजूर आणायचे ठरवले. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' जहाजातून कोलकात्याहून 36 जण उतरले. तो दिवस आज तिथे सार्वजनिक सुट्टीचा आहे. 1849 मध्ये या जागी कायमचा डेपो उभारला, आणि 1920 पर्यंत सुमारे पाच लाख माणसे भारतातून आली. बिहार आणि संयुक्त प्रांतातून, मद्रासकडून, आणि मुंबई बंदरातून आपल्या कोकणातलीही. काही जण इथून पुढे रियुनियन, आफ्रिका, कॅरिबियनकडे गेले. आज बेटावरची दोन तृतीयांशाच्या आसपास माणसे भारतीय वंशाची आहेत. 2006 पासून ही जागा जागतिक वारसास्थळ आहे. पूर्वी तिला कुली घाट म्हणत, पुढे नाव बदलले.

उरलेला भाग जेमतेम 1,640 चौरस मीटरचा, बाकीचा नंतरच्या बांधकामात गेला. दवाखान्याच्या खोल्यांचे अवशेष, स्वयंपाकघर, पहारेकऱ्यांच्या खोल्या, संडासांची रांग, आणि त्या पायऱ्या. काळ्या दगडाच्या, मधोमध झिजलेल्या. मी मोजल्या, सोळा. बाबांनीही वेगळ्या मोजल्या, सवयच ती. समुद्र आता पायऱ्यांना लागत नाही, मध्ये भराव आहे. आलेली माणसे इथे दोनेक दिवस राहत, तपासणी होई, नोंद होई, मग मळेवाले येऊन घेऊन जात.

आतल्या प्रदर्शनात नोंदवह्यांच्या पानांच्या प्रती आहेत. बाबा तिथे अर्धा तास उभे होते. जहाजाचे नाव, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, आणि सगळ्यात आधी नंबर. 1860 च्या दशकापासून मजुराचा फोटोही काढू लागले. भिंतीवर ते चेहरे आहेत, एकही हसणारा नाही.

"रकाने नीट आखलेत," बाबा म्हणाले. हे त्यांचे मोठ्यात मोठे प्रशस्तिपत्र. मग पुन्हा जवळ जाऊन पाहिले. "आम्ही पोत्याला नंबर देत नव्हतो. मार्का असायचा, मालकाचा. नंबर लॉटला. इथे माणसाला एकेक दिलाय."

मूळ नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. घरातले कोणी मॉरिशसला गेले आणि परतले नाही, अशी गोष्ट तुमच्याकडे असेल तर जाण्याआधी त्यांना लिहा. नुसत्या नावावर शोध अवघड जातो. जहाजाचे नाव, साल, किंवा तो नंबर, यातले काहीतरी हाताशी हवे. बाईंनी हेच सांगितले होते, आणि त्यांच्याकडेही फक्त 'रत्नागिरी' एवढेच होते. बाबांनी त्यांचा पत्ता वहीत उतरवून घेतला आहे. संगमेश्वर-देवरुखकडे त्या नावाचे कोणी निघाले तर कळवायचे ठरले.

घाटाशेजारीच जुन्या फ्रेंच लष्करी रुग्णालयात 2023 मध्ये गुलामगिरीचे संग्रहालय सुरू झाले आहे. तिथेही जा. आमचा क्रम चुकीच्या बाजूने झाला. तुम्हाला मी असा सुचवेन: सकाळी घाट आणि हे संग्रहालय, दुपारी मंडईत जेवण, आणि संध्याकाळी भुयारातून कोदाँवर. मग त्या कट्ट्यावर फिरताना पायाखाली काय होते ते डोक्यात असते. उलट क्रमाने कोदाँ हे फक्त छान ठिकाण राहते.

विमानाला वेळ होता, म्हणून बाबांनी टॅक्सीवाल्याला सुट्या साखरेच्या टर्मिनलकडून न्यायला सांगितले. प्रचंड शेडी, कुंपण, फाटकावर चौकी, आत जायची परवानगी नाही. उसाचा हंगाम असल्याने ट्रक आत-बाहेर करत होते. काच खाली केल्यावर मळीचा गोडसर, आंबट वास आत आला. बाबांनी फाटकातून बाहेर पडणारे ट्रक मोजायला सुरुवात केली होती, पण सिग्नल सुटला.